मदत हवी आहे: २८० किलोचा भोपळा कोरायला कोणती हत्यारं घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या जवळ राहते. हे गाव म्हणजे अजस्र भोपळ्यांची पंढरी. दर ऑक्टोबरला इथे वजनाची स्पर्धा असते, आणि २०२३ साली १,२४७ किलोचा भोपळा इथेच तोलला गेला. शेजारच्या आजोबांचा यंदाचा भोपळा मात्र स्पर्धेआधीच देठाशी तडकला आणि बाद झाला. तो त्यांनी मुलांच्या शाळेला देऊन टाकला. ३१ तारखेला हॅलोवीन आहे, त्यावर चेहरा कोरायचं मी कबूल केलंय. मुलांना आत दिवाही हवाय.

दुकानात मिळते ती भोपळा कोरायची छोटी करवत काल मागच्या अंगाला लावून पाहिली. दोन इंच आत गेली, तिथेच रुतली आणि ओढताना पातं वाकलं. मग विणकामाची लांब सुई खुपसली, तर सहा इंचांवर पोकळी लागली. देठाकडे गर याहून जाड आहे, बुडाकडे बराच पातळ.

आजोबांची अट एकच, बिया सगळ्या परत द्यायच्या. जात ‘अटलांटिक जायंट’, म्हणजे नोव्हा स्कोशियातल्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून वाढवलेली. आजोबा या बियांना जिवापाड जपतात.

चेन सॉ भाड्याने आणू का? की जिगसॉ (उभ्या बारीक पात्याची विजेची करवत) आणि सुताराची पटाशी पुरेल? ५० डॉलरच्या वर जायचं नाहीये.

प्रतिसाद १

ताई, चेन सॉ नकोच. साखळीचं तेल गरावर उडतं, आणि तुम्हाला तर आतल्या बिया हव्यात. जिगसॉचं नेहमीचं पातं तीन-चार इंचांचं, सहा इंचांच्या भिंतीत अर्ध्यावरच संपेल. पटाशीवर हातोडा मारलात तर देठाची चीर खाली उतरेल, ती भीती मोठी.

आत हात घालायचं दार पाठीमागे काढा. बॅटरीवर चालणारी रेसिप्रोकेटिंग सॉ (लांब पातं मागे-पुढे चालतं ती करवत) कोणाकडे मिळते का बघा, नऊ इंची पातं लावून. वायरवाली नको, हातभर पाणी गळत असतं. पातं तिरकं धरा, म्हणजे कापलेला तुकडा बाहेरून मोठा नि आतून लहान निघतो आणि परत बसवला की आत पडत नाही. बिया हातानेच काढा, खरवडणं त्यानंतर.

चेहरा मात्र आरपार कापू नका. इतका जाड गर मिळालाय तर मूर्तीसारखा घडवा: गाल, भुवया, नाक. साल काढून गर थराथराने उतरवायचा. त्याला मातीकामाची तारेच्या कड्यांची हत्यारं लागतात, दुसरं काही नाही. आरपार फक्त डोळे नि तोंड. आत मेणबत्ती नको, एलईडी ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

अहो, तारेची कडी तर घरातच आहेत! ऑगस्टमध्ये मुलांसोबत शाडूचा गणपती केला होता, त्याचा संच माळ्यावर पडलाय. आत्ता बाजारातल्या छोट्या भोपळ्यावर चालवून पाहिलं. साल कडक, तिथे कडं घसरतं, म्हणून ती आधी सोलाण्याने काढली. त्याखालचा गर मात्र लोण्यासारखा सुटतो, केशरी पापुद्रे वळत वळत खाली पडतात. सोंडेची वळी काढताना वापरलेलं बारीक कडं नाकपुड्यांना अगदी बरोबर बसलं.

आता एकच विचारायचंय. शनिवार-रविवारी कोरलं तर शुक्रवारच्या ३१ पर्यंत टिकेल का?

प्रतिसाद २

पाच दिवस जास्त होतात, कोरलेल्या कडा सुकून आत वळतात. दार, बिया, खरवडणं असलं दांडगं कामही बुधवारी करा, कारण एकदा हवा आत गेली की बुरशी धरते. चेहरा गुरुवारी. रात्री पाणी फवारून ओलं फडकं आणि वर प्लास्टिक घाला. भोपळा सावलीतच राहू दे.

मूळ प्रश्नकर्ती

बुधवारी सुट्टी टाकते. सॅन मटेओकडच्या कोणाकडे नऊ इंची पात्याची बॅटरीवाली सॉ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुसऱ्या दिवशी धुऊन-पुसून आणून देईन.