मदत हवी आहे: टर्मिनलमध्ये एमव्ही चालेना

नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकून घेतलंय. जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन डाउनलोड्समध्ये साठलेत, ते 'संग्रह' फोल्डरमध्ये हलवायचेत. माऊसने जमतं, पण फाइली ढीगभर आहेत आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, शिकायचंही आहे. पीडब्ल्यूडीने मी कुठे आहे ते कळतं, एलएसने यादी दिसते, सीडीने आत-बाहेर करता येतं. अडतंय एमव्हीपाशी, म्हणजे फाइल हलवायच्या आज्ञेपाशी. फाइलचं नाव 'दिवाळी अंक १९८२.पीडीएफ'. एमव्ही, मग हे नाव, मग संग्रह असं दिलं की एका फाइलसाठी तीन तक्रारी येतात: 'दिवाळी' सापडत नाही, 'अंक' सापडत नाही, '१९८२.पीडीएफ' सापडत नाही. देवनागरी नावांमुळे होतंय का? सगळी नावं इंग्रजीत करायची माझी अजिबात तयारी नाही.

प्रतिसाद १:
देवनागरीला कशाला दोष? स्पेसमुळे होतंय. शेलच्या (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी स्पेस आली की पुढचं नाव सुरू, म्हणून एकाच्या तीन फाइली झाल्या. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घाला. त्याहून सोपं म्हणजे 'दि' टाइप करून टॅब दाबा, उरलेलं तो भरतो आणि स्पेसआधी उलटी तिरकी रेघही तोच टाकतो. सारख्या नावांच्या फाइली असतील तर तो मध्येच थांबेल; पुन्हा टॅब दाबलं की पर्याय दिसतात. सगळ्या एकदम हलवायच्या तर:
एमव्ही *.पीडीएफ संग्रह/
ताऱ्याने आलेल्या नावांतल्या स्पेसचा त्रास होत नाही. (आज्ञा रोमन, स्मॉल अक्षरांतच टाइप करायच्या हे गृहीत धरतोय.)

प्रतिसाद २:
आधी एमकेडीआयआरने संग्रह बनवलाय ना? फोल्डर नसेल आणि एकच फाइल हलवलीत, तर एमव्ही तिचंच नाव बदलून 'संग्रह' करतं, चूक दाखवत नाही. दुसरी हलवलीत की ती पहिलीवर बसते आणि पहिली गेली. म्हणून शेवटची तिरकी रेघ गाळू नका, ती असली की फोल्डर नसताना आज्ञा अडते. सुरुवातीला एमव्ही -आय वापरा, फाइलवर फाइल लिहिण्याआधी विचारतं. फाइल पुसणाऱ्या आरएमपासून तर तूर्त लांबच राहा, तिथे कचरापेटी नसते. बाकी पर्याय मॅन एमव्ही देऊन वाचा, एमव्हीची माहितीपुस्तिका उघडते.

धागाकर्ता:
ताऱ्याने सगळ्या गेल्या, आभार! मॅन एमव्ही उघडलंय, आता बाहेर कसं पडायचं? एस्केपने काही होत नाही.

प्रतिसाद १:
क्यू दाबा.