उपनगरात परवडणारी घरं यावीत म्हणून धडपडलात? अनुभव सांगा

अमेरिकेत आपल्यातले बरेच जण ‘चांगल्या शाळा’ बघून उपनगरात घर घेतात. मग एके दिवशी दारात पत्रक येऊन पडतं: अमुक रस्त्याच्या टोकाला अपार्टमेंट होणार, विरोध नोंदवायला या. त्यावर घराघरांत काय बोललं जातं ते आपण सगळेच ऐकतो. मला ऐकायचंय ते घरं व्हावीत म्हणून उभं राहिलेल्यांकडून. प्लॅनिंग बोर्डासमोर बोललात, सह्या गोळा केल्यात, कुणाला अर्ज भरून दिलेत, काहीही चालेल. मला एक गोष्ट सतत टोचते. ज्यांच्यासाठी ही घरं, ते अजून गावात राहतच नाहीत. त्यांना तिथे मत नाही, मीटिंगची नोटीसही जात नाही. त्यांच्या वतीने बोलायचं कोणी? गावाचं नाव नको, राज्य पुरे.

न्यू जर्सीतून

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आधी कोर्टाने दिलं. माउंट लॉरेल या गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ३६ घरांची छोटी वसाहत हवी होती. टाउनशिपने नकार दिला. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या घराण्यातल्या एथेल लॉरेन्स या बाई खटल्यात पुढे झाल्या, आणि १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वाढत्या गावांनी आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिलीच पाहिजेत. गावांनी काणाडोळा केला, म्हणून १९८३ मध्ये आणखी कडक निकाल आला. शेवटी जी वसाहत उभी राहिली, तिच्यात लोक राहायला आले ते २००० मध्ये. तोवर बाई गेलेल्या होत्या. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांच्या गटाने अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूच्या घरांच्या किमती पडल्याचं किंवा गुन्हे वाढल्याचं काही दिसलं नाही. मीटिंगमध्ये मी हे दरवेळी सांगते. ऐकणारे ऐकतात.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका, एक पाद्री, रात्रपाळी करणारी एक नर्स आणि मी. भाषणं कमी, वाचन जास्त. राज्याच्या २०२४ च्या कायद्यानंतर गावांना जून २०२५ अखेरपर्यंत परवडणाऱ्या घरांचे आराखडे द्यायचे होते. आराखड्यात घरांचा आकडा बरोबर जुळलेला असतो. पण जागा कुठली? एक प्लॉट म्हणजे धडधडीत चालू असलेली गाड्यांची शोरूम. मालकाला विकायचीच नाही, तर घरं होणार कुठे? दुसऱ्या जागेचा अर्धा भाग दलदल. शिक्षिकाबाई नकाशावर बोट ठेवून फक्त एवढंच विचारायच्या, “मालकाशी बोलणं झालंय का?” सभागृहात शांतता.

आणखी एक खुबी लक्षात ठेवा. गावांना ५५ वर्षांवरच्यांसाठी घरं फार आवडतात, कारण त्यांत शाळेत जाणारी मुलं नसतात. परवडणाऱ्या घरांच्या कोट्यात अशी किती घरं धरायची यावर कायद्याने मर्यादा घातली आहे, ती पाळली जाते का ते कुणीतरी मोजत बसावं लागतं.

आणि हो, सगळ्यात जोरात विरोध करणारे आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पंगतीला शेजारी बसणारे काका. “आम्ही एवढं कर्ज काढून आलो ते कशासाठी?” अजूनही भेटतात, बोलतात. फक्त हा विषय सोडून.

मॅसॅच्युसेट्समधून

इथे छोट्या गावांत ओपन टाउन मीटिंग असते. नोंदणी झालेला कुठलाही मतदार हायस्कूलच्या जिममध्ये जाऊन बसतो आणि थेट मत देतो. मी सिटिझन, म्हणून मतदारांत. नवरा ग्रीन कार्डवाला, म्हणून पाहुण्यांच्या खुर्चीत. गावात टॅक्स दोघांचाही.

२०२१ च्या कायद्याने बॉस्टनच्या लोकल-ट्रेनच्या पट्ट्यातल्या १७७ गावांना सांगितलं की निदान एका भागात एकरी १५ घरांची अपार्टमेंट खास परवानगीच्या कटकटीशिवाय होऊ द्या, वयाची अट न घालता. त्याच वर्षी झोनिंगमधल्या, म्हणजे कुठे काय बांधता येईल या गावाच्या नियमांतल्या, अशा बदलांसाठी दोन-तृतीयांश मतांऐवजी साधं बहुमत पुरेसं झालं. कायदा आला म्हणून गावं गप्प बसली असं नाही. मिल्टनमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत सार्वमत घेऊन तो बदल फिरवला, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च कोर्टात गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा वैध ठरला.

आमच्या गावातली खरी लढाई घड्याळाशी होती. आधी बजेट, मग शाळेचं छप्पर, मग कुत्र्यांच्या पट्ट्याचा नियम. झोनिंगची पाळी येईपर्यंत साडेदहा. तोवर लहान मुलांचे आईबाप बेबीसिटरला मोकळं करायला घरी गेलेले असतात. निवृत्त मंडळी मात्र विणकाम घेऊन निवांत बसलेली. हे ध्यानात आल्यावर आम्ही शेजारचा वर्ग मागून घेतला, कॉलेजातल्या दोन मुलींना बसवलं, जमिनीवर चटया. मुलं झोपली, आईबाप टिकले, ठराव निसटत्या बहुमताने पास झाला. माझी भाषणं कुणाला आठवत नाहीत, चटया आठवतात.

मेरीलँडमधून

मी त्या घरात राहिलेली आहे! माँटगोमेरी काउंटीत १९७४ पासून नियम आहे: मोठा प्रकल्प बांधायचा तर ठरावीक टक्के घरं मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची, त्याच वसाहतीत. घटस्फोटानंतर मुलाला घेऊन तसं भाड्याचं घर मिळालं. शेजारी पूर्ण भाडं भरायचे, त्यांना पत्ताही नव्हता. धागाकर्तीने विचारलंय कोण बोलणार. आमच्यासारखे बोलू शकतात, पण मीटिंग संध्याकाळी सात वाजता आणि माझी शिफ्ट सहाला सुरू.

कॅलिफोर्नियातून

बोलायला दोन मिनिटं म्हणतात, गर्दी झाली की एक. लिहून आणा, पहिल्या वाक्यातच पाठिंबा की विरोध ते सांगा, “मी इथे वीस वर्षं राहतो” मध्ये वेळ घालवू नका. पार्किंगवर कुणी बोललं की वाद घालायला जाऊ नका, त्यातून कुणीच बाहेर येत नाही.

पुन्हा न्यू जर्सी, पण दुसरी बाजू

मी विरोधात बोललो होतो, पुन्हा बोलेन. आमच्या गावाने कोट्यातली जवळजवळ सगळी घरं हायवेलगत एका कोपऱ्यात टाकली. फुटपाथ नाही, बस नाही. दुसरं म्हणजे ‘परवडणारं’ हे त्या भागाच्या मध्यम उत्पन्नावरून ठरतं, आणि ८० टक्क्यांपर्यंत कमावणारे त्यात बसतात. श्रीमंत भागात ती रक्कम चांगली मोठी होते. तुमचं ऑफिस झाडणारीला त्यातलं किती घर परवडतं, ते बघून मग टाळ्या वाजवा.

पहिली न्यू जर्सीवाली

कोपऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच जागा ठरतानाच जायला हवं, बांधकामाला आक्षेप घेऊन काय हाती लागणार? आणि आमच्या नियमांत काही घरं त्याहून कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखावीच लागतात. ती किती खोल्यांची आहेत ते विचारा. एका खोलीची दाखवून मोकळे होतात.

अर्ज भरून देणारा

मी मीटिंगला जात नाही, मला तिथे घाम फुटतो. मी लायब्ररीत शनिवारी लोकांना परवडणाऱ्या घरांचे अर्ज भरून देतो. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते बँक स्टेटमेंटपायी. सहा पानांचं स्टेटमेंट असेल तर सहाही पानं लागतात, ज्यावर “हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे” लिहिलेलं असतं तेसुद्धा. रोखीत पगार घेणाऱ्यांनी मालकाकडून सहीचं पत्र आधीच आणावं. एक हात जोडून विनंती: घरांच्या लॉटरीत (सोडतीत) नंबर लागला की फोन किंवा ईमेल येतो आणि उत्तराला मुदत असते. अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही आणि घर पुढच्याला गेलं, असं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. अर्ज केलेल्या ओळखीच्यांना एवढं नक्की सांगा.