मदत हवी आहे: बिझनेसची डिग्री आणि मार्केटिंग ॲनालिटिक्सचं मास्टर्स, दोन्ही मिळून पाच वर्षांत. घ्यावं का?

लेकीची_आई

नमस्कार मंडळी, इथं मी बरीच वर्षं नुसती वाचत असते, पाककृतींवर दोनचारदा "मस्त" लिहिलं असेल तेवढंच, पण आता खरंच अडलंय म्हणून धागा काढतेय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. लेक इथल्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीत बिझनेस करतेय, मार्केटिंग मेजर, तिसरं वर्ष चालूये. मागच्या महिन्यात ॲडव्हायजरने तिला बोलावून सांगितलं की तुझा जीपीए चांगला आहे, '४+१' ला अप्लाय कर. म्हणजे चौथ्या वर्षातच मास्टर्सचे तीन कोर्स घ्यायचे, ९ क्रेडिट्स, ती बॅचलर्सच्या १२० मध्ये पण धरणार आणि मास्टर्सच्या ३० मध्ये पण, मग उरली २१, ती पुढच्या एका वर्षात संपवली की एमएस इन मार्केटिंग ॲनालिटिक्स हातात. जीमॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची नाही, फॉर्मही दोन पानांचा. लेक त्या दिवशी घरी आली ती उड्या मारतच. नवरा म्हणाला, एकावर एक फ्री दिसलं की आपण आधी पिशवी उघडतो, वस्तू लागते की नाही ते नंतर बघतो.

आता अडचण अशी की तिला आकड्यांचं वेड आहे हे खरंय. गेल्या सेमिस्टरला क्लास प्रोजेक्टसाठी एका ग्रोसरी दुकानाच्या बिलांचा डेटा दिला होता, तर रात्री दीड वाजता मला उठवून सांगत होती की आई, डबाबंद टोमॅटो घेणारे लोक ताजे टोमॅटो पण घेतात, आपल्याला वाटतं तसं नाहीये. मी म्हटलं, बाई झोप, मला सकाळी डबे करायचेत. पण मार्केटिंगचंच मास्टर्स एवढ्या लवकर करावं का, की आधी नोकरी करून मग एमबीए बरं, हे आम्हाला दोघांनाही समजत नाहीये, आम्ही दोघं इंजिनियर, मार्केटिंग म्हणजे जाहिराती एवढंच डोक्यात. खर्चाचंही आहेच, ग्रॅज्युएटचं एक क्रेडिट हजार डॉलरच्या वर जातंय.

आणि एक सांगायचं राहिलं, ती एच-४ वर आहे (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या बायकामुलांचा व्हिसा), येत्या जानेवारीत २१ पूर्ण होतील. ग्रीन कार्डची लाइन तुम्हाला माहितीच आहे. कुणाच्या मुलांनी असं केलंय का? जाणकारांनी सांगा प्लीज.

झेडब्रिज

पुण्यातून लिहितोय त्यामुळे तिकडचं फार माहीत नाही, पण माझं मत विचाराल तर आधी दोन-तीन वर्षं नोकरी करू द्या. मी स्वतः बीकॉमनंतर लगेच एमबीए केलं, वर्गात प्रोफेसर विचारायचे तुमच्या कंपनीत हे कसं करतात आणि आम्ही अर्धे जण माना खाली घालून बसायचो. अनुभव नसताना मास्टर्स म्हणजे पाण्यात न उतरता पोहण्याचं पुस्तक पाठ करणं.

डॅलसकर

झेडब्रिज, मुद्दा बरोबर आहे पण एच-४ वरच्या मुलीने नोकरी करायची कुठून? एच-४ मुलांना कामाची परवानगीच नसते, ते वर्क परमिट मिळतं ते काही ठरावीक एच-४ बायकांना/नवऱ्यांना.

लेकीची_आई, पैशांचं दोन शब्द. माझा मुलगा असंच अकाउंटिंगमध्ये करून बाहेर पडला. चौथ्या वर्षातले ते ग्रॅज्युएट कोर्स आम्हाला बॅचलर्सच्याच फीमध्ये पडले, कारण तिथं सेमिस्टरची फी ठोक होती, म्हणजे खरा फायदा तिथंच झाला. पण एक गोष्ट लेखी विचारून घ्या, तिचं स्टेटस अंडरग्रॅडचं ग्रॅड कधी होणार, १२० क्रेडिट्स झाल्यावर की त्याआधी? आमच्याकडे एका मुलीचं सातव्या सेमिस्टरलाच बदलून टाकलं आणि तिची मेरिट स्कॉलरशिप, जी आठ सेमिस्टरची होती आणि फक्त अंडरग्रॅडला, ती शेवटच्या सेमिस्टरला गेली. आईबापांना बिल आल्यावर कळलं.

बाकी फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा फॉर्म, भरून घ्या, मास्टर्सला मुलांना इंडिपेंडंट धरतात, आईवडलांचा पगार बघत नाहीत.

उकडीचे_मोदक

@डॅलसकर एच-४ आहे हो ती, फाफ्सा लागूच नाही. सिटिझन नाहीतर ग्रीन कार्ड पाहिजे.

डॅलसकर

अरे हो, सॉरी. पण बाकी वाचणाऱ्यांसाठी राहू दे: बॅचलर्स मिळालं की पेल ग्रँट (सरकारची न फेडायची मदत) बंद. आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस लोन नाही, अशा मास्टर्सला फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच, तेही व्याज पहिल्या दिवसापासून चालू. ५२९ मध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, पैसे ठेवले असतील तर ते मास्टर्सलाही वापरता येतात.

उन्हाळी_आंबा

ताई, मी शिकागोत आहे, हेच काम करते, म्हणजे पद मार्केटिंग ॲनालिस्ट आहे आणि दिवसभर एसक्यूएल, म्हणजे डेटा काढायचा कोड, लिहिते. त्यामुळे आधी एक गैरसमज काढून टाका, हे जाहिरातींचं शिक्षण नाहीये. बॅचलर्सच्या मार्केटिंगमध्ये ब्रँड, पोझिशनिंग, कन्झ्युमर बिहेविअर, फोर पीज वगैरे, आणि एक स्टॅटिस्टिक्सचा कोर्स जो अर्धा वर्ग कसाबसा पास होतो. मास्टर्समध्ये रिग्रेशन (कशाचा कशावर किती परिणाम ते आकड्यांनी काढणं), आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, सेगमेंटेशन (गिऱ्हाइकांचे गट पाडणं), कॉन्जॉइंट (गिऱ्हाईक कशाला किती महत्त्व देतं ते मोजणं), कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू (एक गिऱ्हाईक एकूण किती कमवून देईल ते), आणि कुठल्या जाहिरातीमुळे किती विक्री झाली याचं मॉडेलिंग.

मी मुलाखती घेते तेव्हा एक प्रश्न हमखास विचारते. समजा कंपनीने २० टक्के सवलतीचं कूपन एक लाख गिऱ्हाइकांना ईमेलने पाठवलं आणि त्या आठवड्यात विक्री वाढली, तर कूपनने किती वाढली? नव्वद टक्के मुलं सांगतात, किती जणांनी कूपन वापरलं ते मोजायचं. आता त्यातले कितीतरी लोक तसेही येणारच होते ना, त्यांना आपण उगाच २० टक्के वाटले. उत्तर असं की पाठवायच्या आधीच दहा हजार जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे बाजूला काढायचे, त्यांना ईमेल द्यायचा नाही, आणि मग दोन्हीकडची सरासरी खरेदी ताडून बघायची. एवढंच. पण हे आपणहून सुचणं आणि दहा हजार पुरतील की नाही हे गणिताने सांगता येणं, याचे पगार मिळतात. तुमची लेक दीड वाजता टोमॅटोवरून उठवते म्हणजे तिला सुचेल असं वाटतंय :)

म्हणून कॉलेजचं नाव बाजूला ठेवा आणि कोर्सची यादी बघा. १० कोर्सपैकी किमान चारपाचात कोड लिहायला लागतोय का? शेवटी खऱ्या कंपनीच्या डेटावर कॅपस्टोन प्रोजेक्ट आहे का? बॉस्टनजवळचं बेंटली किंवा मेरीलँडचं स्मिथ स्कूल, यांच्या याद्या साइटवर आहेत, त्या शेजारी ठेवून ताडून बघा. काही ठिकाणी जुनंच एमएस मार्केटिंग असतं आणि वर ॲनालिटिक्सची पाटी नवीन रंगवलेली.

झेडब्रिज म्हणतात ते एमबीएला लागू आहे, याला तेवढं नाही. इथं वर्गात कुणी कंपनीचे किस्से विचारत नाही, होमवर्क चालतंय की नाही तेवढं बघतात.

कोकणकडा

बाकीच्यांनी छान लिहिलंय पण खरा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात लपलाय. जानेवारीत २१. त्या दिवशी एच-४ संपतं, त्याआधी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी, आय-५३९ हा स्टेटस बदलायचा फॉर्म भरायला हवा, आणि हे आत्ताच सुरू करा, दिवाळीनंतर बघू म्हणू नका. आय-१४०, म्हणजे कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज, मंजूर व्हायला जेवढे दिवस लागले तेवढे तिच्या वयातून वजा होतात, पण तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या लाइनीतली तारीख) लांब असेल तर त्याने काही हाती लागणार नाही.

आता ४+१ चं गणित एफ-१ च्या डोळ्याने बघा. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, प्रत्येक लेव्हलला १२ महिने. बॅचलर्सचे १२ वेगळे, मास्टर्सचे १२ वेगळे. पण बॅचलर्सचा अर्ज प्रोग्रॅम संपल्यापासून ६० दिवसांत करावा लागतो, सरळ मास्टर्सला गेली तर ते १२ महिने गेले. मार्केटिंगचं बॅचलर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे विषयांची सरकारी यादी) येत नाही म्हणून त्यावर वाढीव काही नाही. मास्टर्स स्टेम असेल तर १२ वर अजून २४ महिने मिळतात, म्हणजे एच-१बी च्या लॉटरीत जास्त वेळा नाव टाकता येतं, शिवाय इथल्या मास्टर्सवाल्यांचे २०,००० व्हिसा वेगळे असतात, सर्वसाधारण ६५,००० च्या वर.

मात्र मार्केटिंग ॲनालिटिक्स हे नाव स्टेमच्या यादीत बघायचं नसतं, बघायचा तो सीआयपी कोड. कॉलेज प्रत्येक डिग्रीला एक सहा आकडी कोड लावतं. ५२.१३०१ मॅनेजमेंट सायन्स, ५२.१३०२ बिझनेस स्टॅटिस्टिक्स, ३०.७१०२ बिझनेस ॲनालिटिक्स, हे स्टेममध्ये आहेत. ५२.१४०१ म्हणजे साधं मार्केटिंग, ते नाही. सगळं शिकवलेलं तेच असू शकतं आणि कोडमुळे दोन वर्षांचा फरक. माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका, इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन आय-२० वर (कॉलेजने द्यायचा एफ-१ चा कागद) कुठला कोड छापणार ते विचारा.

आणि पदाचं नाव. 'मार्केट रिसर्च ॲनालिस्ट' या पदाच्या एच-१बी अर्जांना इमिग्रेशनवाले नकार देत सुटले होते, कुठल्याही डिग्रीवाल्याला जमेल असं काम आहे म्हणून. त्यावर मॅडकुडू नावाच्या कंपनीने आणि इतरांनी केस केली आणि २०२१ मध्ये सेटलमेंट होऊन नाकारलेले अर्ज परत उघडायची सोय झाली. तेव्हा डिग्री जितकी आकड्यांकडे झुकलेली तितकं पुढे वकिलाला सोपं.

झेडब्रिज

बापरे. माझं पाण्याचं आणि पोहण्याचं परत घेतो. इथं तलावालाच कुलूप आहे.

उन्हाळी_आंबा

कोकणकडा +१००. अजून एक, दोन्हीकडे मोजलेली ती ९ क्रेडिट्स दुसऱ्या युनिव्हर्सिटीत सहसा चालत नाहीत. एका डिग्रीला वापरून झालेली क्रेडिट्स बहुतेक मास्टर्सवाले घेत नाहीत. म्हणजे बॅचलर्सनंतर तिला दुसरीकडे जावंसं वाटलं तर तिथे सुरुवात पहिल्यापासून. पण त्यात नुकसान असंही नाही, कोर्स बॅचलर्समध्ये धरले गेलेच ना.

लेकीची_आई

सगळ्यांचे खूप आभार, कोकणकडा तुमचे तर विशेष. अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, मध्ये घरात पाहुणे होते.

लेकीला घेऊन इंटरनॅशनल ऑफिसला गेले. म्हणजे ती एकटीच जाणार होती, मी गाडीत बसते म्हणून गेले आणि मग आत शिरलेच. तिथल्या बाईंनी कंप्युटरवर बघितलं, परत बघितलं, आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. ५२.१४०१. स्टेम नाही! ॲडव्हायजरला याची कल्पनाच नव्हती, तिची चूक तरी काय म्हणा, तिला बहुतेक इथलीच मुलं भेटतात, त्यांना कोडशी काय देणंघेणं. लेकीचा चेहरा असा उतरला की मला पार्किंगमध्ये तिला काही बोलवेना.

पण घरी येऊन तिनेच यादी काढली. त्याच बिझनेस स्कूलमध्ये बिझनेस ॲनालिटिक्सचं पण ४+१ आहे, त्याचा कोड ३०.७१०२, आणि चौथ्या वर्षात घ्यायच्या तीन कोर्सपैकी दोन तेच आहेत, रिग्रेशन आणि डेटा मॅनेजमेंट. मार्केटिंगचे कॉन्जॉइंट वगैरेचे दोन कोर्स इलेक्टिव्ह म्हणून घेता येतात. तिसरा प्रोग्रॅमिंगचा, त्याला कॅल्क्युलस आधी झालेलं लागतं, तिचं बिझनेस कॅल्क्युलस चालेल का ते विचारलंय. उन्हाळी_आंबा, तुझा कूपनचा प्रश्न मी जेवताना तिला विचारला. आधी म्हणाली वापरलेली कूपनं मोजायची. मग वरण वाढून घेता घेता थांबली आणि म्हणाली, नाही, थांब, काही जणांना पाठवायचंच नाही. नवऱ्याने विचारलं, मग त्यांना राग नाही येणार?

डॅलसकर, स्टेटसचं पण लेखी घेतलं, १२० होईपर्यंत अंडरग्रॅडच राहील, ईमेल जपून ठेवलीये. एफ-१ साठी वकिलाशी पुढच्या मंगळवारी बोलणार आहोत.

आता एवढंच विचारायचंय, आय-५३९ भरताना मुलीच्या नावावर बँक बॅलन्स दाखवायला लागतं की आमची स्टेटमेंट्स आणि सपोर्टचं पत्र पुरतं? कुणी गेल्या वर्षभरात केलं असेल तर इथंच लिहा किंवा व्यनि करा.

कोकणकडा

आमच्या वेळी आमची स्टेटमेंट्स आणि पत्र चाललं होतं. मंगळवारी वकिलाला विचारा तेव्हा आय-२० वर वर्षाचा जो खर्च लिहिलाय तेवढी रक्कम खात्यात दिसतेय ना ते आधी बघून जा, आमच्याकडे ती कमी निघाली आणि फिक्स्ड डिपॉझिट मोडायला लागली होती.