मदत हवी आहे : सेसनाचं इंजिन हवेत बंद पडलं, खाली आल्यावर लगेच चालू झालं

ओहायोतून लिहितोय. शनिवारी सकाळी विमान सोयाबीनच्या शेतात उतरवावं लागलं, मी आणि बायको दोघंही ठीक आहोत, विमानालाही काही झालं नाही, फक्त चाकांत पानं-काड्या अडकल्यात. मेकॅनिकने चावी फिरवली तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! आता फ्लाइंग क्लबवाले म्हणतात तूच काहीतरी चुकलास. उद्या संध्याकाळी मीटिंग आहे, कोणाला असा अनुभव असेल तर लवकर सांगा. इंधन भरपूर होतं.

कोकणी_काका : सुखरूप आहात हे महत्त्वाचं. पण भरपूर म्हणजे किती? काट्यावर पाहिलंत की काडी बुडवून?

उंचभरारी : मॉडेल? उंची? हवामान?

धागाकर्ता : सेसना १७२, अजून काय सांगू. काडी बुडवूनच पाहिलं होतं, २६ गॅलन.

मिसिसिपीकर : टाकीत पाणी, दुसरं काही नाही. माझ्या बाबतीत डिट्टो असंच झालेलं. आणि विमानतळाकडे का नाही वळवलंत?

धागाकर्ता : विमानतळ सहा मैल लांब होता, मी जमिनीपासून १५०० फुटांवर.

उंचभरारी : १५०० फुटांवरून बंद इंजिनाने १७२ जेमतेम अडीच मैल जाते, शेत निवडलं तेच बरोबर. आणि पाणी असतं तर बहुतेक टेकऑफलाच रडवलं असतं. कितव्या सालचं विमान? नव्या १७२ ला कार्बोरेटरच (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) नसतो.



 

धागाकर्ता : १९६६ चं. तापमान २० होतं, ढगाळ, पहाटे पाऊस पडून गेलेला. उतरायला थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) कमी केला आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, हळूहळू पडत गेले.

उंचभरारी : अहो हे आधी सांगायचं ना! ६६ म्हणजे कॉन्टिनेंटल ओ-३००, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरण्यात हे इंजिन बदनाम आहे. २० डिग्रीलासुद्धा धरतो, दमट हवा आणि अर्धवट बंद थ्रॉटल पुरतं. मेकॅनिक येईपर्यंत बर्फ वितळला, त्याला काय सापडणार? कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका) ओढली होतीत का?

धागाकर्ता : आरपीएम पडल्यावर ओढली. पण ओढल्याबरोबर इंजिन जास्तच धडधडायला लागलं, वाटलं मीच बिघडवतोय, म्हणून परत आत ढकलली. मग अर्ध्या मिनिटात बंदच पडलं.

उंचभरारी : वितळलेलं पाणी इंजिनात जातं म्हणून आधी धडधड वाढते. तशीच ओढून ठेवायची असते. आणि या इंजिनाला थ्रॉटल कमी करायच्या आधीच ओढायची.

मिसिसिपीकर : मीटिंगमध्ये यातलं अक्षर बोलू नका, आधी वकील गाठा.

उंचभरारी : उलट सगळं सांगा, तेच विमान उद्या दुसरा कोणी नेणार आहे. आणि नासाचा सुरक्षा रिपोर्ट (उड्डाणातली घटना पायलटने स्वतः कळवायचा) १० दिवसांच्या आत भरा.

धागाकर्ता : रिपोर्ट आज रात्रीच भरतो. कार्ब हीट आत ढकलली तेव्हा बायको माझ्या हाताकडेच बघत होती, तिला आत्ता हे वाचून दाखवलं. उद्या मीटिंगमध्ये पहिलं हेच सांगतो.