दीवचं सेंट पॉल आणि फत्तेगंजचं चर्च: एकाच देवाची घरं इतकी वेगळी कशी?

दांडियाबाजारकरीण

नमस्कार मंडळी. नुकतेच आम्ही सगळे दीवला जाऊन आलो. (बडोदेकर दीवला कशासाठी जातात ते ठाऊक आहे, पण बरोबर सासूबाई होत्या, त्यामुळे खरंच फिरायलाच गेलो होतो.) तिथल्या सेंट पॉल चर्चची दर्शनी भिंत नक्षीने भरलेली, आत वेदीमागे कोरीव लाकूडकाम. आणि आपल्या बडोद्याच्या फत्तेगंजातलं, इंग्रजांच्या कॅम्पच्या (लष्करी छावणीच्या) काळातलं चर्च किती साधं! सासूबाई म्हणाल्या, "अगं, देव एकच ना यांचा? मग तिकडे एवढा थाट आणि इकडे असं कसं?" मला काही सांगता येईना. नेटवर बघितलं तर रोमनेस्क, गॉथिक, बरोक अशी नुसती नावांची माळ. हे सगळं बदलत का गेलं, ते कुणी सोपं करून सांगेल का?

रावपुरा_टॉवर

सोपं आहे. दीव पोर्तुगीजांचं म्हणजे कॅथलिक, फत्तेगंज इंग्रजांचं म्हणजे प्रॉटेस्टंट. विषय संपला.

जुना_ड्राफ्ट्समन

एवढ्यात कुठला संपतोय! माझा जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेला, त्यामुळे मी आधी प्लॅन बघतो, नक्षी मागाहून.

ताई, आपल्या देवळाचा गाभारा लहानसाच असतो. आत पुजारी, बाकीच्यांनी दर्शन घ्यायचं आणि पुढे सरकायचं. ख्रिस्ती उपासनेला सगळी मंडळी एकाच वेळी एका छताखाली लागतात. मुळात सगळी गोष्ट इथून सुरू होते. सुरुवातीला ते घरांतूनच जमत. सीरियात दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलंय. दोन खोल्यांमधली भिंत पाडून त्यांनी हॉल काढलाय! माणसं मावेनात म्हणून भिंत पाडणं, तेव्हाही तेच आणि आजही तेच. पुढे 313 मध्ये रोमन साम्राज्यात उघडपणे उपासना करायची मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी रोमन देवळाचा नमुना घेतला नाही. घेतला तो बॅसिलिकेचा, म्हणजे जिथे कोर्टकचेरी आणि व्यापार चाले त्या लांब हॉलचा. मधे रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, टोकाला अर्धगोल.

पुढची लढाई छताची. लाकडी छत जळतं, म्हणून दगडी कमानींचं छत केलं. पण दगडी छत भिंतींना बाहेर ढकलतं. मग भिंती जाड करा, खिडक्या लहान ठेवा, आत अंधार. रोमनेस्क म्हणतात ते बहुतेक हेच. पॅरिसजवळच्या सेंट देनीला मठाधिपती सुझे याने 1140 ते 1144 मध्ये वेदीकडचा भाग नव्याने बांधून घेतला. तिथे टोकदार कमान आणि छताच्या बरगड्या यांचा मेळ बसला आणि भार ठरावीक जागीच उतरू लागला. पुढच्या पिढ्यांनी बाहेरून दगडी टेकू दिले. भिंतीवरचं ओझं गेलं, की भिंत हवीच कशाला? तिच्या जागी रंगीत काचा आल्या. हेच गॉथिक. मग उंचीची हाव सुटली. फ्रान्समधल्याच बोव्हेच्या चर्चचं छत 48 मीटरवर नेलं आणि 1284 मध्ये ते कोसळलं. माझ्या मते गॉथिक कळायला शार्त्रच्या नावाजलेल्या चर्चपेक्षा बोव्हे बघावं. कुठे हात टेकले ते तिथे कळतं.

आता तुमचं दीव. प्रॉटेस्टंटांनी सोळाव्या शतकात बंड केलं, बऱ्याच ठिकाणी मूर्ती काढल्या, भित्तिचित्रांवर चुना फासला. त्यांचा भर ग्रंथवाचनावर आणि प्रवचनावर, त्यामुळे डोळ्याला गुंतवणारं काही नको. कॅथलिकांनी ट्रेंटच्या सभेत (1545 ते 1563) उलट ठरवलं, चित्रं-मूर्ती राहतील आणि लोकांना शिकवतील. पण प्रवचनाचं महत्त्व त्यांनाही पटलं होतं. म्हणून जेझुइटांनी (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) रोमला इल जेझू हे चर्च बांधलं, 1568 पासून. मधला खांबांचा अडसर काढला आणि एकच रुंद दालन ठेवलं. शेवटच्या बाकावरूनही वेदी दिसली पाहिजे. दीवचं सेंट पॉल (1601 ते 1610) जेझुइटांचंच. तेव्हा तो थाट, म्हणजे तुमच्या यादीतलं बरोक, केवळ श्रीमंतीचा नाही, तो वादातला युक्तिवाद आहे.

चांपानेरप्रेमी

काका, टोकदार कमानीचं श्रेय फ्रान्सला देऊ नका. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती नवव्या शतकातच आहे. एवढं लांब नको असेल तर चांपानेरच्या जामी मशिदीत बघून या, तासाभराचा रस्ता आहे.

जुना_ड्राफ्ट्समन

बरोबर, कमान पूर्वेकडचीच. फ्रान्सने फक्त मेळ बसवला, आणि तसंच लिहिलंय मी. बाकी चांपानेरला आपली बडोदेकर मंडळी पावागडाला जाता-येता डोकावतात, तेही वेळ उरला तर.

फाइनआर्ट्सची_पोरगी

इमारतीवर काकांनी लिहिलंच आहे, मी चित्रांचं सांगते. रोमच्या भुयारी दफनस्थळांत येशू बहुतेकदा बिनदाढीचा तरुण मेंढपाळ असतो, खांद्यावर कोकरू. दाढी, राजेशाही बैठक, मागे सोनं, हे सगळं सम्राटांचा आश्रय मिळाल्यावर हळूहळू आलं. बायझंटाईन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यात तर आठव्या-नवव्या शतकांत चित्रं ठेवावीत की फोडावीत यावर मोठी भांडणं झाली, ती 843 ला मिटली. म्हणजे दीव विरुद्ध फत्तेगंज हा वाद फार जुना आहे!

आणि आपल्याकडचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका बघाच. मूळ गोव्याचे, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले. त्यांची मेरी साडी नेसलेली, गव्हाळ. गोव्यात अनेकांना ती रुचली नाही.

दांडियाबाजारकरीण

सगळ्यांचे आभार. काकांचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न: गोव्याचं बॉम जेझुस चर्च लालभडक आणि दीवचं पांढरं, दोन्ही जेझुइटांची ना?

जुना_ड्राफ्ट्समन

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, नजर पक्की आहे. बॉम जेझुसही (1594 ते 1605) चुन्याच्या गिलाव्याचंच होतं. 1950 च्या दशकात पोर्तुगीजांनीच डागडुजीच्या नावाखाली तो खरवडला आणि आतला जांभा उघडा पडला. आता पर्यटक त्याच उघड्या दगडाला प्राचीन समजून फोटो काढतात. दर्शनी भागावरचं बारीक कोरीव काम मात्र बेसॉल्टचं आहे, तो दगड वसईहून नेला होता. गिलावा परत करावा का, यावर गोव्यात वाद आहे. मी म्हणेन, करावाच. जांभा सच्छिद्र असतो आणि कोकणपट्टीचा पाऊस काही फोटोपुरता पडत नाही.