जादा व्याज द्यायची तयारी असूनही बँक कर्ज का नाकारते?

गाळेवाला, उद्यमनगर:
नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात माझे मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर मी जॉबवर्क करतो. व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचलित मशीनसाठी 25 लाखांचे कर्ज मागितले होते. बँकेचा दर साडेअकरा टक्के. माझ्याकडे तारण द्यायला जागा नाही, म्हणून मी स्वतःहून 16 टक्के देतो म्हणालो, तरी प्रकरण परत आले. शेजारच्या गाळ्याचे काम तेच, उलाढालही जवळजवळ तितकीच. त्याला मात्र त्याच बँकेने गेल्या वर्षी कर्ज दिले. गुळाच्या सौद्यात जो जास्त बोली लावतो त्याला रवे मिळतात. मग पैशाच्या बाजारात जादा भाव देणारा रिकाम्या हाताने का परततो? खासगीत महिना 3 टक्क्यांनी रक्कम मिळते, पण ती उचलायचे धाडस होत नाही.

अर्थशास्त्र शिकवणारा:
आपण जे अनुभवलेत, त्याला अर्थशास्त्रात पतपुरवठ्याचे रेशनिंग म्हणतात: दोन अर्जदारांत वरवर काहीच फरक नसतो, तरी एकाला कर्ज मिळते आणि दुसऱ्याला चढ्या दरानेही मिळत नाही. गूळ मोजून घेतला, पैसे दिले की व्यवहार संपतो. कर्जात बँक आज रोख देते आणि बदल्यात शब्द घेते, आणि तो शब्द कितपत पाळला जाईल हे कर्जदाराला जेवढे ठाऊक असते तेवढे बँकेला नसते. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी 1981 मध्ये दाखवून दिले की अशा बाजारात व्याजदर वाढवल्याने बँकेचे उत्पन्न एका मर्यादेनंतर घटू लागते.

आकड्यांत पाहू. समजा दहा जण विनातारण प्रत्येकी 10 लाख मागतात. त्यांपैकी आठ जणांचा धंदा संथ पण खात्रीचा आहे. वर्षाअखेरीस हातात 12 लाख येतात. उरलेल्या दोघांचा मामला जुगारासारखा आहे. निम्मी शक्यता 24 लाखांची, निम्मी शून्याची. कोण कुठला, हे बँकेला ओळखता येत नाही. 18 टक्के दर ठेवला, तर आठ जणांकडून 94.4 लाख येतात आणि दोघांकडून सरासरीने 11.8 लाख, 1 कोटीचे 1 कोटी 6 लाख 20 हजार होतात. आता दर 22 टक्के करा. खात्रीच्या धंदेवाल्याला 12.2 लाख फेडायचे आणि मिळणार 12 लाख. ते आठही जण अर्ज मागे घेतात. जुगारवाल्यांना मात्र दर परवडतो, कारण डाव बुडाला तर त्यांच्याकडून वसूल करण्यासारखे काही नसतेच. बँकेने त्या दोघांना 20 लाख द्यायचे आणि सरासरी 12.2 लाखांची आशा धरायची! म्हणून बँक दर चढवत नाही, आहे त्याच दराला अर्ज गाळते. आपण 16 टक्के म्हणालात, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात आपली तयारी भरली नसावी. एवढे व्याज देणारा नेमका काय करणार आहे, ही शंका आली असावी.

दुसरी बाजूही आहे. हप्ता जड झाला की सरळ माणूससुद्धा रोजचे जॉबवर्क सोडून एखाद्या मोठ्या, बेभरवशाच्या ऑर्डरच्या मागे लागतो. निवड बिघडते आणि वागणेही बिघडते.

सोसायटीचा निवृत्त सचिव, कागल तालुका:
प्राध्यापक साहेबांचे म्हणणे पटते, पण माहिती असली म्हणजे रेशनिंग संपते असे कोणी समजू नये. विकास सोसायटीत मी 27 वर्षे काढली. कोणत्या गटात कुणाचा ऊस आहे, लागण आहे की खोडवा, पाणी कुणाच्या विहिरीचे, हे आम्हाला कागद न बघता सांगता यायचे. वसुलीची यादी कारखान्याला जायची आणि ऊसबिलातून सोसायटीची रक्कम आधी कापली जायची. पीककर्ज एवढ्या कमी दराने चालते त्यामागे सरकारी व्याज सवलत आहे, तशीच ही कपातही आहे. तरी काही जण ऊस भावकीतल्या दुसऱ्याच्या नावावर घालायचे; तेही गावाला कळायचे.

मनाला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. खंडाने रान करणारा एक शेतकरी दरवर्षी माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. गावातले सगळ्यात स्वच्छ पीक त्याचे, पण सातबारा दुसऱ्याचा. तो पैसे बुडवणार नाही हे मला पक्के माहीत होते, आणि त्या माहितीला फॉर्मवर रकाना नव्हता. तो खासगीत जायचा. शिवाय गावाच्या माहितीला पुराचा इलाज नाही. 2019 साली पाणी आले, तेव्हा नदीकाठचे चांगले-वाईट सगळे कर्जदार एकदम बुडाले.

कर सल्लागार, शाहूपुरी:
गाळेवाले दादा, एक विचारतो. जॉबवर्कचे सगळे पैसे चालू खात्यात जमा होतात का? आपल्याकडे बरेच जण निम्मे रोखीत घेतात आणि मग बँकेला जीएसटी विवरणपत्रांत निम्माच धंदा दिसतो. शेजारच्या गाळ्याची उलाढाल तितकीच आहे हे आपल्याला दिसते. बँकेला कदाचित त्याचीच दिसली असेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा पतहमी ट्रस्ट 2000 सालापासून आहे. त्याच्या हमीवर विनातारण कर्ज मिळू शकते. तशी मागणी लेखी करा. मात्र हमीमुळे बुडीताचा भार वाटला जातो, आपली ओळख काही वाढत नाही. ती खात्यातूनच वाढते.

गाळेवाला, उद्यमनगर:
सर्वांचे आभार. सल्लागार साहेबांनी नेमके बोट ठेवले. माझी जवळजवळ 40 टक्के बिले रोखीत होती. गेल्या 14 महिन्यांची फाउंड्रीची चलने एका फाइलमध्ये लावायला काल रात्री बसलो, तर काहींवर फाउंड्रीचा शिक्काच नाही. सोमवारी शिरोलीला जाऊन ते शिक्के घेतो आणि यापुढची सगळी बिले खात्यातच मागतो. सचिव काका, त्या शेतकऱ्याला पुढे कधी कर्ज मिळाले का?

सोसायटीचा निवृत्त सचिव, कागल तालुका:
त्याच्या नावावर नाही मिळाले. बायकोच्या बचत गटातून मिळाले. गटातल्या बाकीच्या बाया त्याच्याच गल्लीतल्या होत्या.