मदत हवी आहे : मार्केट यार्डातल्या हमालीच्या दरांवर अभ्यास करतेय, जुन्या हिशोबपट्ट्या कुठे मिळतील?

राम राम मंडळी,
मी एमए करतेय, लघुप्रबंधाला विषय घेतलाय हमालीचे दर कसे ठरतात तो. आमच्या तालुक्याच्या यार्डात दर काही वर्षांनी हमाल काम बंद करतात, तूर-मका तशीच पडून राहते, मग व्यापारी असोसिएशन, हमालांचे पुढारी आणि बाजार समितीचे लोक बसतात आणि नवा दर ठरतो. माझ्या मते ही सरळ सामूहिक वाटाघाट आहे. पण सर म्हणतात एक मालक नाही, एक कारखाना नाही, मग हा शब्द कसा वापरणार, त्यापेक्षा एखादी मिल घे.

मला मिल नकोय. आपल्याकडचा कामगार चळवळीचा इतिहास म्हटलं की अमळनेरची प्रताप मिल आणि साने गुरुजी इथेच गाडी थांबते, आणि क्विंटलभर वजन पाठीवर वाहणारा माणूस कोणाच्या लिहिण्यात येतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायद्याचं पण कोडंच आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात संघटनेला मान्यता मिळायला तिथल्या कामगारांपैकी ३० टक्के सभासद लागायचे, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एकाच संघटनेला एकटीने वाटाघाट करायची तर ५१ टक्के. पण जो हमाल सकाळी एका आडतीवर आणि दुपारी दुसऱ्या आडतीवर पोती उचलतो त्याचे टक्के कशाचे काढायचे? १९६९ चा माथाडी कायदा ह्याच लोकांसाठी झाला, तिथे मंडळावर मालक आणि कामगार बरोबरीने बसतात, पण लहान यार्डात बोलणी अजून तोंडीच चालतात.

लेखी पुरावा म्हणून मला एकच गोष्ट सापडलीय, आडत्याची हिशोबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर आडत्या खर्च कापून शेतकऱ्याला देतो तो हिशोबाचा कागद. आमच्या घरी आजोबांनी तारेत ओवून ठेवलेल्यात, त्यात हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), वाराई असे खर्च वेगवेगळे कापलेले दिसतात. ज्या वर्षी हमालीचा आकडा एकदम उडी मारतो त्याच्या आगेमागे बोलणी झालेली असणार असं धरून चाललेय. अडचण अशी की आधी क्विंटलची पोती होती आता पन्नास किलोची गोणी आलीय, मग पोत्यामागचा दर तसाच राहिला तरी क्विंटलमागे दुप्पट झाला ना, हे तुलनेत कसं मांडू? आणि मुलाखतीत सगळे एकच म्हणतात, "नाव नको लिखू भो", तर नाव न देता यार्डाचं वर्णन किती द्यावं?

धुळे, चाळीसगाव, नंदुरबार मिरची मार्केट, कुठल्याही जुन्या पट्ट्या असतील तर फोटो चालतील, शेतकऱ्याचं नाव झाकून पाठवा.

उत्तर :
ताई, विषय सोडू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५४ नंबरचा करार सरांना दाखवा, त्यातल्या व्याख्येत एक मालक, मालकांचा गट किंवा मालकांची संघटना असं तिन्ही धरलंय, म्हणजे व्यापारी असोसिएशन आरामात बसते. भारताने तो मंजूर केलेला नाही, पण व्याख्या म्हणून वापरायला काय हरकत. दर सगळे क्विंटलवर आणा, पण गोणी बदलली ते वर्ष तक्त्यात वेगळं दाखवा, कारण वजन कमी होणं हीच हमालांची मोठी कमाई असू शकते, ती नुसत्या दरात दिसणार नाही. यार्डाचं नाव देऊ नका, तालुका पण नको, जिल्हा पुरे. आणि बाजार समितीच्या सभांचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा, दर तिथे ठरावात सापडायला हवा.

माझ्याकडे चोपड्याच्या काही पट्ट्या आहेत, रविवारी फोटो टाकतो.